उसने डोळे

डोळ्यात दोन थेंब पडतात. क्षणभर चुरचुरतं, मग तेही कळेनासं होतं. आता बुबुळाला कुणी बोट लावलं तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही, आणि जवळजवळ तसंच काहीतरी होणार आहे. समोर एडमंड बर्क ह्यूई उभा आहे. वय तिशीच्या आत, अमेरिकेतल्या वूस्टर गावी क्लार्क विद्यापीठात मानसशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. साल १८९८. थेंब कोकेनचे किंवा होलोकेनचे आहेत. या काळात त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्याच्या चिमटीत प्लास्टर ऑफ पॅरिसची इवलीशी वाटी आहे. डोळ्याच्या गोलाईवर बरोब्बर बसेल अशी घडवलेली, बघता यावं म्हणून मधोमध भोक ठेवलेली. ती तो तुमच्या उघड्या डोळ्यावर अलगद टेकवतो.

उठून पळू नका. डोळे उसने द्यायला तुम्ही आपण होऊन आला आहात. आज पाच ठिकाणी पाच माणसं ते मागून घेणार आहेत, आणि प्रत्येकाला एकाच गोष्टीचा छडा लावायचा आहे: समोर काही मांडून ठेवलं की माणूस त्यातलं नेमकं काय बघतो? वाचणारा, चित्र पाहणारा, घड्याळासारख्या तबकड्यांकडे बघून विमान उतरवणारा, एक्स-रे तपासणारा. प्रत्येकाला वाटतं आपण समोरचं सगळं पाहिलं. हे खरं आहे का, ते त्या माणसाला विचारून कळत नाही. डोळ्यालाच विचारावं लागतं.

ह्यूईच्या वाटीला एक हलका दांडा जोडला आहे, दांड्याला अॅल्युमिनियमचं टोक. ते टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलंय आणि कागद एका फिरत्या पिंपावर गुंडाळलाय. डोळा हलला की टोक हलणार, काजळी खरवडली जाणार. वेळ मोजायला विजेची ठिणगी आहे. ट्यूनिंग फोर्कच्या कंपनाबरोबर ती ठराविक अंतराने उडते आणि रेघेवरच्या काजळीला बारीक ठिपके पाडते. तुम्हाला फक्त छापील मजकूर वाचायचा आहे.

तुम्ही वाचता. तुमच्या मते नजर ओळीवरून एकसारखी सरकते आहे, ओळ संपली की खाली उतरते आहे. मग पिंप थांबवून कागद दाखवला जातो आणि त्यावर सरळ रेघ नसतेच. असतो एक जिना. थांबा, उडी, थांबा, उडी. ओळ संपल्यावर एक लांब झेप, की पुन्हा जिना.

या उड्यांचा सुगावा वीसएक वर्षांपूर्वी पॅरिसला लागला होता. लुई एमील जाव्हाल या नेत्रवैद्याच्या भोवतालच्या मंडळींनी तर पापणीला नळी लावून त्या कानाने ऐकल्या. ह्यूईने त्या कागदावर उतरवल्या. आज आपल्याला माहीत आहे की वाचताना डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो आणि उडीला सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांशांहून फारसा जास्त वेळ लागत नाही. असं का, हे समजायला हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. दृष्टिपटलाचा जो भाग बारीक अक्षर ओळखू शकतो, त्याच्या वाट्याला एका वेळी जेमतेम तेवढंच जग येतं. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा तो नखाएवढा झोत घेऊन दिवसभर वणवण करतो, आणि मेंदू त्या तुकड्यांवरून आपल्याला एक सलग, स्वच्छ चित्र असल्याची खात्री देत राहतो. ही खात्री खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर विसंबून कुणी तक्ता काढू नये.

निघण्याआधी एक आरसा मागून घ्या. कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात रेमंड डॉज नावाचा माणूस याच सुमारास हे सांगतो आहे: आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या डोळ्याकडे. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार. शेजारी उभ्या माणसाला ते स्पष्ट दिसतात, तुम्हाला कधीच नाही. उडीच्या वेळी दृष्टी जवळपास मिटलेली असते आणि त्या मिटण्याचा मागमूसही उरत नाही. डॉजला ह्यूईची वाटी पसंत नाही. डोळ्यावर वजन ठेवायचं आणि मग डोळा कसा हलतो म्हणून विचारायचं, हे त्याला पटत नाही. १९०१ मध्ये तो क्लाइन या सहकाऱ्याबरोबर दुसरा मार्ग काढतो: बुबुळावर प्रकाश टाका, परत फिरलेल्या किरणाचा फोटो घ्या. डोळ्याला हात लावायचाच नाही.

त्या किरणाच्या मागोमाग तुम्ही शिकागोला येता. १९३० च्या दशकाचा मध्य. मंदीने शहर पिळून निघालंय, विद्यापीठाच्या दगडी इमारती मात्र भक्कम उभ्या आहेत. गाय थॉमस बस्वेल शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक; मुलं वाचतात कशी, यावर त्यांनी बरीच वर्षं घातली आहेत. आता त्यांना चित्रं घ्यायची आहेत. अक्षरांना निदान क्रम असतो, डावीकडून उजवीकडे जायचं हे ठरलेलं असतं. चित्राला कुठून सुरुवात करायची, हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

डोकं हलू नये म्हणून ते आधारात अडकवलं जातं. बुबुळावर किरण, समोर कॅमेरा. किरणाच्या आडव्या हालचाली वेगळ्या नोंदल्या जातात, उभ्या वेगळ्या, आणि नंतर कुणीतरी बसून त्या दोन नोंदी जुळवणार, चित्रावर एकेक ठिपका मांडणार. हे काम किती चिकाटीचं आहे ते बघायचं तर आकडा ऐका: २०० माणसं, ५५ चित्रं, जवळजवळ दोन हजार नोंदी. १९३५ साली ‘हाऊ पीपल लुक अॅट पिक्चर्स’ या नावाने पुस्तक निघालं. संगणक नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

पहिलं चित्र येतं. होकुसाईची लाट: निळ्या पाण्याचा कडा, पांढऱ्या फेसाची बोटं, खाली होड्या आणि दूरवर फुजीचा डोंगर. चित्रकलेच्या जुन्या पुस्तकांतून रसिकांना ठामपणे सांगितलं जायचं की या रेषेच्या लयीबरोबर नजर अशी वर चढते, अशी वळते आणि अशी खाली घरंगळते. तुमची नजर तसलं काही करत नाही. ती लाटेच्या टोकावर जाते, होडीवर येते, मध्ये कुठेतरी रेंगाळते, परत टोकावर. सुरुवातीला थांबे आखूड, सगळीकडे एक चक्कर मारल्यासारखे. नंतर थांबे लांबतात. माणसं असतील तर माणसांवर गर्दी, चेहऱ्यांवर सर्वांत जास्त. चित्रकला शिकलेल्यांची नजर फार वेगळी फिरत असेल अशी तुमची अपेक्षा असेल, तर बस्वेल यांच्या नोंदींत तीही पुरी होत नाही. शिकलेल्या आणि न शिकलेल्यांमध्ये जो फरक दिसला, त्याहून मोठा फरक एकाच गटातल्या दोन माणसांमध्ये होता.

मग येतो ट्रिब्यून टॉवरचा फोटो. शिकागोतलीच इमारत, गॉथिक मुकुट घातलेली, १९२५ मध्ये पुरी झालेली. सूचना काही नाही, बघा, एवढंच. तुमची नजर मनोऱ्याच्या अंगाखांद्यावर फिरते, मुकुटावर थांबते, खाली येते. ठीक. आता तोच फोटो दुसऱ्यांदा दाखवला जातो आणि विचारलं जातं, कुठल्या खिडकीतून कुणी माणूस बाहेर डोकावतोय का ते शोधा.

आता मुकुट गेला, नक्षी गेली. तुमचे ठिपके खिडक्यांवर, एका रांगेमागून दुसऱ्या रांगेत. फोटो तोच, कागद तोच, डोळेही तेच. एका वाक्यानं नजरेचा सगळा नकाशा बदलला. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फळ्यासमोर ‘पनवेल’ शोधणारा माणूस ‘पंढरपूर’ वाचत नाही, तसंच. बस्वेल यांनी ही गोष्ट पुस्तकात नोंदवली खरी, पण तिचा गाजावाजा केला नाही. माझ्या मते त्या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं पान हेच. ‘हे चित्र लोक कसं बघतात’ हा प्रश्नच त्या पानाने लंगडा ठरवला. काय शोधत असताना बघतात, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता जरा उंचावर चला. पोटात गोळा येईल. युद्ध नुकतंच संपलंय, ओहायोत डेटनजवळच्या राइट फील्डवर पॉल फिट्स नावाचा मानसशास्त्रज्ञ हवाई दलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करतो आहे. १९४९ मध्ये तो ओहायो स्टेट विद्यापीठात जाणार आहे. विमानं पडतात, चौकशी होते, कागदावर शेरा बसतो: वैमानिकाची चूक. फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांनाच बोलतं केलं आणि यंत्रं वाचण्यात झालेल्या चुकांचे २७० अनुभव गोळा केले. त्यात पुन्हा पुन्हा वर येणारं नाव उंचीमापकाचं. त्याला तीन काटे: एक शेकडा फुटांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. लहान काट्याकडे घाईत दुर्लक्ष झालं की माणूस एक हजार, कधी दहा हजार फुटांनी चुकतो. डोंगर मात्र चुकत नाही.

ज्याला ‘वैमानिकाची चूक’ म्हटलं जात होतं, ती तबकडी काढणाऱ्याची चूक असू शकते, हे त्या काळी उच्चारायला धार्ष्ट्य लागत होतं. वॉल्टर ग्रेथर यांनी १९४९ मध्ये अनेक प्रकारचे उंचीमापक वाचायला देऊन तुलना केली. तीन काट्यांचा मागे पडला. ज्यात आकडे सरळ खिडकीत उमटतात, तो पुढे निघाला. वाचायला वेळ कमी, चुकाही कमी. इतकं साधं. तरी ते तीन काटे विमानांतून पुढे कितीतरी वर्षं हलले नाहीत. अशा बदलांना लागणारा वेळ कुठल्याच प्रयोगशाळेत मोजला जात नाही.

तुम्ही डाव्या आसनावर आहात. बाहेर काही दिसत नाही. यंत्रांच्या भरवशावर धावपट्टी गाठायची आहे. एक सिनेकॅमेरा तुमच्या चेहऱ्याकडे रोखलेला. फिट्स, जोन्स आणि जॉन मिल्टन यांनी अशी ४० वैमानिकांची चित्रफीत घेतली, मग एकेक चौकट पाहून ठरवलं की या घटकेला डोळे कुठल्या तबकडीवर होते. तुमची नजर पुन्हा पुन्हा एका तबकडीकडे धावते: दोन आडव्या-उभ्या सुया, विमान धावपट्टीच्या वाटेवर आहे की भरकटलंय ते सांगणाऱ्या. तिथून दिशादर्शकाकडे, आणि लगेच परत.

या फितींतून त्यांनी काढलेला अर्थ १९५० मध्ये छापून आला आणि तो इतका साफ आहे की आजही संकेतस्थळ तपासणारे त्याच वाटेनं जातात. डोळा एखाद्या तबकडीकडे किती वेळा जातो, यावरून ती किती महत्त्वाची ते कळतं. एका खेपेला किती वेळ थांबतो, यावरून ती वाचायला किती अवघड ते कळतं. आणि एका तबकडीवरून उठलेला डोळा बहुतेक वेळा कुठे जातो, यावरून कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं ते ठरवता येतं. दुसऱ्या वाक्याकडे जरा बघा. एखादी गोष्ट लोक ‘बराच वेळ पाहतात’ याचा आनंद मानणारे कितीतरी जण आजही भेटतात. वैमानिक तबकडीकडे बराच वेळ पाहत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ती त्याला चटकन कळत नाही आणि तेवढा वेळ बाकीचं विमान कुणी बघत नाही.

मॉस्को. थंडी बाहेरच ठेवा. इथे विद्यापीठ नाही, विज्ञान अकादमीची संस्था आहे. पण विद्यापीठांतले लोक पुढची पन्नास वर्षं इथल्या कागदांवरून भांडणार आहेत, म्हणून वाट वाकडी करून यायला हवं. आल्फ्रेड यार्बुस यांचं यंत्र पाहून तुम्हाला ह्यूईची वाटी सुसह्य वाटेल. पापण्या चिकटपट्टीने ताणून उघड्या ठेवल्या आहेत. डोळा बधिर केलाय आणि बुबुळाच्या पांढऱ्या कडेवर एक छोटी टोपी हवेच्या ओढीने घट्ट बसवली आहे. तिच्यावर तांदळाएवढा आरसा. त्यावरून फिरलेला किरण प्रकाशसंवेदी कागदावर तुमच्या नजरेचा मार्ग थेट काढत जातो. हे काही मिनिटंच सोसता येतं. पापणी मिटायची सोय नाही.

आधी एक छोटासा चमत्कार बघून घ्या. यार्बुस यांच्याकडे अशीही एक टोपी आहे, की जिच्यात चित्रच बसवलेलं असतं. डोळा हलला की चित्रही त्याच्याबरोबर हलतं, म्हणजे दृष्टिपटलावर ते एकाच जागी खिळून राहतं. दोन-तीन सेकंद ते स्पष्ट दिसतं. मग रंग फिके होतात, कडा विरघळतात आणि समोर काही उरत नाही. दिवा चालू आहे, डोळा उघडा आहे, चित्र जागेवर आहे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात लॉरिन रिग्ज यांनीही १९५३ मध्ये असंच काही दाखवलं होतं. डोळ्याला दिसत राहायचं तर हलत राहावंच लागतं.

आता मुख्य प्रयोग. इल्या रेपिन यांचं चित्र समोर येतं. मूळ चित्र याच शहरात त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातलं. बैठकीची खोली. दारातून एक खंगलेला माणूस आत आलाय, अंगावर मळका कोट, हद्दपारीतून परतलेला. खुर्चीतून अर्धवट उठलेली म्हातारी, पियानोशी बसलेली बाई, टेबलाशी मुलं, दाराशी मोलकरीण. कुणालाच त्याची अपेक्षा नव्हती. चित्राचं नावही तेच सांगतं.

तीन मिनिटं तुम्ही नुसतं बघता. मग एकेक प्रश्न येतो, प्रत्येकाला पुन्हा तीन मिनिटं. हे घर खाऊनपिऊन सुखी आहे का? तुमची नजर बायकांच्या कपड्यांवर, फर्निचरवर, भिंतीवर. माणसांची वयं काय असतील? नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर, खुर्च्या-टेबलं गायब. हा माणूस आत यायच्या आधी घरची मंडळी काय करत होती? कपडे लक्षात ठेवा. माणसं आणि वस्तू कुठे आहेत ते लक्षात ठेवा. आणि शेवटचा, सातव्या खेपेचा प्रश्न: हा माणूस किती दिवसांनी घरी आलाय?

या शेवटच्या कागदाकडे नीट बघा. तुमची रेघ त्या माणसाच्या चेहऱ्यावरून म्हातारीकडे, मुलांकडे, परत त्याच्याकडे अशी येरझारा घालते आहे. किती दिवस लोटले, हे चित्रात कुठेही लिहिलेलं नाही. ते ओळख पटणाऱ्यांच्या आणि न पटणाऱ्यांच्या चेहऱ्यांमधल्या अंतरात आहे, आणि तुम्हाला कुणी न सांगता तुमचा डोळा ते अंतर मोजायला गेला. सात कागद शेजारी शेजारी ठेवले तर कुणाला वाटणार नाही की ते एकाच चित्राचे आहेत. १९६५ मध्ये रशियन पुस्तक निघालं, १९६७ मध्ये इंग्रजी, आणि ही सात जाळी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

बसली, आणि इथेच मला जरा अडखळायला होतं. सात कागद एकाच माणसाचे आहेत. एका माणसाच्या सात सुंदर रेघांवरून केवढी इमारत उठवायची? २०१२ मध्ये मिशेल ग्रीन, टॉमी लिऊ आणि जेरेमी वोल्फ यांनी ही इमारत हलवून पाहिली. लोकांना फोटो दाखवले, दहा-दहा सेकंद, चार निरनिराळी कामं देऊन: फोटो लक्षात ठेवा, तो कुठल्या दशकातला ते सांगा, माणसं एकमेकांना किती ओळखतात ते सांगा, ती किती पैसेवाली ते सांगा. मग नुसत्या नजरेच्या नोंदीवरून, काम कोणतं होतं ते ओळखायला संगणकाला सांगितलं. जमलं नाही. माणसांना सांगितलं, त्यांनाही नाही. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी साधारण तेवढंच यश आलं असतं. पाठ्यपुस्तकं अस्वस्थ झाली. दोनेक वर्षांत अली बोर्जी आणि लॉरेन्ट इट्टी यांनी तीच माहिती अधिक चांगल्या पद्धतीने चाळली आणि योगायोगाने जमेल त्यापेक्षा जास्त वेळा काम ओळखून दाखवलं. म्हणजे यार्बुस पार चुकले नव्हते, पण त्यांच्या रेघा दिसतात तितक्या बोलक्या नसतात. प्रश्न नजरेला वळवतो हे खरं. नजरेवरून प्रश्न वाचता येईलच, हे मात्र त्यातून निघत नाही. पडद्यावर तुमचे डोळे कुठे रेंगाळले यावरून तुमच्या मनात काय आहे ते सांगतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे वाक्य ऐकवून बघा.

शेवटचा मुक्काम. अंधारी खोली, समोर उजळलेला पडदा. या खेपेस डोळ्यावर वाटी नाही, टोपी नाही. पडद्याखाली एक पट्टी आहे, तिच्यातला अवरक्त प्रकाश तुमची नजर मुकाट्याने टिपतो. आणि या खेपेस तुम्ही सामान्य माणूस नाही. तुम्ही अनुभवी रेडिओलॉजिस्ट आहात. फुप्फुसांचे सीटी स्कॅन तुमच्या रोजच्या कामाचा भाग. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि तेच जेरेमी वोल्फ, बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाचे आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलचे संशोधक, तुम्हाला पाच रुग्णांचे स्कॅन देतात. काम: गाठी शोधा, दिसली की क्लिक करा.

या कामाची रग बाहेरच्याला कळत नाही. स्कॅन म्हणजे एक चित्र नव्हे, शेकडो काप. माउसचं चाक फिरवत तुम्ही छातीत खाली उतरता, वर येता. रक्तवाहिनी आडवी कापली गेली की तीही पांढरा ठिपका, गाठही पांढरा ठिपका. फरक एवढाच, की पुढच्या कापात वाहिनी जराशी सरकते आणि गाठ जागच्या जागी उमटून विरते. तुमचा डोळा ते उमटणं पकडायला वर्षानुवर्षं तयार झालाय.

डोळा चुकतो कुठे, याचा शोध तुमच्या धंद्यात जुना आहे. हॅरल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडीन यांनी १९७८ मध्ये छातीच्या एक्स-रेवर सुटलेल्या गाठींचे, नजरेच्या नोंदी पाहून, तीन ढीग केले होते. काहींच्या जवळपास डोळा फिरकलाच नाही. काहींवर फिरकला, पण थांबला नाही. आणि काहींवर चांगला थांबला, रेंगाळला, आणि तरीही डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणून पुढचं पाहिलं. शेवटचा ढीग सर्वांत मोठा होता. पहिल्या ढिगावर उपाय म्हणजे ठराविक क्रमाने पाहायची शिस्त. शेवटच्यावर ती शिस्त काय कामाची? डोळा तर वेळेवर पोचलाच होता.

पाचवा स्कॅन. तुम्ही चाक फिरवता. एक गाठ, क्लिक. आणखी एक. संपलं.

मग विचारतात: शेवटचा स्कॅन आधीच्यांपेक्षा वेगळा वाटला का? काही वेगळं दिसलं का? आणि मग सरळच: गोरिला दिसला का?

गोरिला. फुप्फुसात. हात उगारलेला, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा, पाच कापांत हळूहळू उमटून विरणारा. हा गोरिला हार्वर्डमधूनच आलाय. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांच्या चित्रफितीत चेंडूचे पास मोजणाऱ्यांच्या मधून एक माणूस गोरिलाच्या वेशात चालत गेला होता आणि जवळपास निम्म्या लोकांना तो दिसला नव्हता. तेव्हा म्हणायला जागा होती की ते हौशी लोक, भलतंच काम. इथे तर तज्ज्ञ, आणि त्यांचं स्वतःचं काम. चोवीस रेडिओलॉजिस्टपैकी वीस जणांनी गोरिला पाहिला नाही. तुम्ही त्या विसांत आहात.

लाजू नका. वैद्यक न शिकलेल्या पंचवीस जणांना हेच स्कॅन दिले होते. त्यांतल्या एकालाही गोरिला दिसला नाही, आणि गाठी शोधण्यात तुम्ही त्यांच्या कितीतरी पुढे होता. ज्यासाठी बसवलं होतं ते काम तुम्ही केलंत. वर्तमानपत्रांनी मथळे देताना हे अर्धं वाक्य गाळलं, म्हणून मी सांगतोय.

आता तुमच्या नजरेची नोंद पडद्यावर येते. त्या वीस जणांपैकी बारा जणांचे डोळे थेट गोरिलावर गेले होते. तुमचेही. ठिपका बरोब्बर त्याच्या अंगावर आहे, तारीख-वेळेसकट. आता तो तुम्हाला दिसतो. इतका मोठा, की आधी कसा दिसला नाही हे कळत नाही. चाक मागे फिरवा, पुढे फिरवा. डोळा दर खेपेला त्याच कापावर येऊन अडतो. शेजारी, दोन बोटांवर, एक गाठ राहून गेली आहे. ती अजून कुणी विचारलेली नाही.